कोल्ड एअर इनटेक आणि बॉनेटखालची उष्णता: तोटा नेमका कुठे होतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १.६ लिटरच्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीला ॲल्युमिनियम पाइप आणि कोन फिल्टरचा कोल्ड एअर इनटेक (इंजिनाला बाहेरची थंड हवा पुरवायची जोडणी) बसवला. सकाळी गाडी मस्त पळते. पण ट्रॅफिकमध्ये अर्धा तास रखडली की मरगळते, एक्सलरेटर दाबला तरी उठत नाही. बाहेर ३२ अंश असताना स्कॅनरवर आत येणाऱ्या हवेचं तापमान ६८ दिसतं. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर ते हळूहळू उतरतं, पण ४४ च्या खाली काही येत नाही. तर पाइपला हीट रॅप (उष्णता अडवणारी पट्टी) गुंडाळू का, की पैसे पाण्यात गेले?

रॅपचं नंतर बघू. तुमच्या प्रश्नात दोन दुखणी एकत्र आलीत, ती आधी वेगळी करू. ट्रॅफिकमधले ६८ हे एक आणि मोकळ्या रस्त्यावरचे ४४ हे दुसरं. ६८ पाहून माणूस घाबरतो, साहजिक आहे. पण उभ्या गाडीत बॉनेटखालची हवा तापणारच, कंपनीचा मूळ एअर बॉक्स असला तरी तापते. पळत्या गाडीत बाहेरच्यापेक्षा १२ अंश जास्त राहतंय, ही खरी खोट आहे. वाऱ्याचा इतका झोत मिळत असतानाही फिल्टर इंजिनाभोवतीचीच गरम हवा ओढतोय, असा त्याचा अर्थ. मी गाड्यांचं ट्यूनिंग आणि निदान करतो. असा इनटेक लावलेली गाडी आली की मी सगळ्यात आधी पळत्या गाडीतला हा फरक बघतो, उभ्या गाडीतला आकडा नंतर.

काही गोष्टी तुमच्या गाडीवर अवलंबून आहेत आणि त्या इथे बसून मला दिसत नाहीत. फिल्टरचं तोंड बॉनेटखालीच आहे की बंपरमागे किंवा फेंडरच्या पोकळीत उतरवलंय? तापमानाचा सेन्सर पाइपवर आहे की इनटेक मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांवर)? तुमचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) हवेचं वस्तुमान एअर फ्लो सेन्सरने थेट मोजतो, की मॅनिफोल्डमधला दाब आणि तापमान यांवरून काढतो? या शेवटच्या मुद्द्यावर बरंच काही ठरतं. जिथे फरक पडेल तिथे तसं सांगत जातो.

आधी हिशेब. हवा तापली की विरळ होते, आणि हे गणित सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून करायचं असतं. ३२ अंशांची हवा म्हणजे ३०५ केल्विन, ६८ अंशांची ३४१. भागाकार केला की कळतं, तेवढ्याच जागेत हवा साधारण साडेदहा टक्क्यांनी कमी मावते. ४४ अंशांना हीच घट चार टक्क्यांच्या आतबाहेर. ढोबळ नियम धरायचा तर दर १० अंशांना ३ टक्के.

हा ३ टक्क्यांचा नियम सगळीकडे सांगितला जातो, आणि त्यातून लोक सरळ ताकदीचा आकडा काढतात. तिथे गफलत होते. फिल्टरपासून सिलिंडरपर्यंत पोहोचेस्तोवर हवा मॅनिफोल्ड, पोर्ट आणि व्हॉल्व्ह यांना घासून जाते, आणि हे सगळे भाग कूलंटइतके किंवा त्याहून जास्त तापलेले असतात. थंड हवा तिथे जास्त उष्णता उचलते, आधीच गरम असलेली हवा कमी उचलते. त्यामुळे सुरुवातीचा फरक सिलिंडरमध्ये पोहोचेपर्यंत आकसतो. डायनोवरचे (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचे) आकडे एका पातळीवर आणण्यासाठी एसएई जे१३४९ हे मानक वापरतात. त्याचं संदर्भ तापमान २५ अंश आहे, आणि त्याच्या सूत्रात तापमानाच्या गुणोत्तराचं वर्गमूळ घेतलेलं आहे, सरळ गुणोत्तर नाही. त्या सूत्राने बघितलं तर दर १० अंशांना ताकद दोनेक टक्के घटते. म्हणजे तुमच्या ४४ अंशांची किंमत सव्वादोन टक्के, आणि ६८ अंशांची फार तर सात.

आता बघा, सात टक्के जाणवतात हे खरं, पण ‘दाबली तरी उठत नाही’ एवढी ती घट नाही. वातानुकूलन चालू असेल तर त्याचा कंप्रेसर थोडी ताकद खातो, ते वजा करा. तरीही हिशेब जुळत नाही. उरलेली मरगळ हवेच्या विरळपणातून येत नाहीये, ती येतेय स्पार्कच्या टायमिंगमधून, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते त्यातून.

गरम हवा आत गेली की कॉम्प्रेशनच्या शेवटी मिश्रणाचं तापमान आणखी चढतं आणि नॉकिंगचा, म्हणजे मिश्रणाचा काही भाग आपोआप पेटून खडखडण्याचा, धोका वाढतो. ईसीयू नॉकिंग होण्याची वाट बघत बसत नाही. हवेच्या तापमानाचा आकडा एका मर्यादेपुढे गेला की त्याच्या तक्त्यात लिहिल्याप्रमाणे तो स्पार्क मागे घेतो, म्हणजे उशिरा पाडतो. त्यावरही नॉक सेन्सरला खडखड ऐकू आली तर आणखी मागे. ही मर्यादा किती अंशांवर आणि कपात किती, हे प्रत्येक कंपनीचं आणि प्रत्येक इंजिनाचं वेगळं असतं. पण परिणाम एकच. स्पार्क उशिरा पडला की जळण्याचा जोर पिस्टन खाली निघाल्यावर मिळतो, टॉर्क पडतो आणि गाडी बोथट वाटते. वरून ती उष्णता एक्झॉस्टमधून बाहेर पडते, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) आणखी तापतो आणि बॉनेटखालचं तापमान आणखी वाढतं.

यात एक मेख आहे. ईसीयूला खरी हवा कधीच दिसत नाही, दिसतो तो सेन्सर. हा सेन्सर म्हणजे तापमान वाढलं की रोध कमी होणारा छोटासा थर्मिस्टर. मूळ पाइप प्लास्टिकचा, त्यामुळे सेन्सरच्या बुडाला फारशी उष्णता पोहोचत नाही. तुम्ही ॲल्युमिनियमचा पाइप लावला. प्लास्टिकच्या तुलनेत ॲल्युमिनियम उष्णता शेकडो पटींनी जास्त वाहून नेतं. ट्रॅफिकमध्ये रेडिएटरच्या पंख्याने फेकलेली गरम हवा त्या पाइपवर अर्धा तास आदळत राहिली की पाइप तापतो आणि पाइपमधून सेन्सरचं अंगही तापतं. मग आतून जाणारी हवा समजा ५० अंशांची असली तरी सेन्सर ६५ सांगू शकतो. सिग्नल सुटला, तुम्ही एक्सलरेटर दाबला, पाइपमधली हवा सेकंदाच्या आत बदललीसुद्धा. पण सेन्सर, विशेषतः ज्याचं टोक आवरणात बंद आहे असा, आकडा उतरवायला बराच वेळ घेतो. तेवढा वेळ ईसीयू जुन्या उष्णतेच्या हिशेबाने स्पार्क मागे धरून बसतो.

दाबावरून हवेचा अंदाज घेणारी गाडी असेल तर इंधनाचाही घोळ होतो. सेन्सर गरम म्हणतोय म्हणजे हवा विरळ आहे, असं धरून ईसीयू इंधन कमी सोडतो. हवा प्रत्यक्षात तितकी विरळ नसते, त्यामुळे मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर ही चूक दुरुस्त करून घेतो. पूर्ण थ्रॉटलला (एक्सलरेटर पूर्ण दाबल्यावर) मात्र बऱ्याच गाड्या ऑक्सिजन सेन्सरचं न ऐकता तक्त्यावर चालतात, आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला जोर हवा असतो. एअर फ्लो सेन्सरवाल्या गाडीत वस्तुमान थेट मोजलं जात असल्याने इंधनाचा हिशेब बऱ्यापैकी बरोबर राहतो, पण टायमिंगची कपात तिथेही होतेच.

हे तुमच्या गाडीत होतंय का, हे तपासणं सोपं आहे. सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची नुसती किल्ली फिरवा, इंजिन सुरू करू नका. कूलंटचं तापमान, इनटेकचं तापमान आणि बाहेरचं तापमान हे तिन्ही आकडे दोन-तीन अंशांच्या आत जुळायला हवेत. नाही जुळले तर सेन्सरच बदलायला झालाय, पुढचं सगळं बाजूला ठेवा. जुळले, तर पुढची चाचणी ट्रॅफिकमधून निघाल्यावरची. सोबत कुणाला तरी बसवा, आणि सुरक्षित मोकळ्या रस्त्यावर जोर लावताना इनटेकचं तापमान आणि टायमिंग ॲडव्हान्स (स्पार्क किती आधी पडतोय तो आकडा) या दोन्हींची एकत्र नोंद घ्या. तापमान संथ उताराने खाली येतंय आणि तेवढ्याच संथपणे टायमिंग पुढे सरकतंय, असं दिसलं तर तुमची मरगळ मुख्यतः सेन्सर तापल्याची आहे. तापमान झटकन उतरलं पण टायमिंग मागेच राहिलं, तर नॉकिंग होतंय. मग इंधनाचा ऑक्टेन, सिलिंडरमधला कार्बन, कूलंटचं तापमान यांच्याकडे वळायचं.

यावरचा उपाय साधा आहे. सेन्सर धातूच्या पाइपमध्ये थेट आटे पाडून किंवा दाबून बसवला असेल तर तो रबराच्या जाड ग्रोमेटमध्ये (कड्यात) किंवा प्लास्टिकच्या तुकड्यात बसवा, आणि त्याचं टोक पाइपच्या भिंतीजवळ न राहता हवेच्या प्रवाहात नीट आत जाईल असं बघा. सेन्सरची जागा मात्र मनाने फार हलवू नका. कंपनीने तक्ते त्या जागेवरचे आकडे धरून केलेले असतात. आणि सेन्सरच्या तारेत रोधक टाकून ईसीयूला ‘हवा थंड आहे’ असं भासवणारे जे चिप म्हणून विकले जातात, त्यांच्या नादी लागू नका. ते ईसीयूच्या डोळ्यावर पट्टी बांधतात. टायमिंग पुढे जातं, दोन दिवस गाडी छान वाटते, आणि खऱ्या गरम हवेवर तेच टायमिंग पिस्टनला मारतं.

आता पाइपकडे, कारण रॅपचा प्रश्न इथला आहे. पाइपची भिंत हवेला किती तापवते हे हवा त्यात किती वेळ रेंगाळते त्यावर आहे. मेणबत्तीच्या ज्योतीतून बोट झटकन नेलं तर भाजत नाही, तसंच. तुमचं इंजिन ६००० आरपीएमला पूर्ण थ्रॉटलवर सेकंदाला साधारण ८० लिटर हवा ओढतं. पाइपचा आतला व्यास ७० मिलिमीटर धरला तर हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या पुढे जातो. मीटरभर लांबीचा पाइप ती सेकंदाच्या विसाव्या भागात पार करते. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) हाच वेग सेकंदाला कसाबसा एक मीटर, म्हणजे तीच हवा त्याच तापलेल्या पाइपमध्ये सुमारे वीसपट वेळ राहते. माझ्या हिशेबाने पाइप चांगला तापलेला असताना आयडलिंगला हवा आठ-दहा अंश उचलू शकते. पूर्ण थ्रॉटलला मात्र, पाइप आतून थंडावला की, एक-दोन अंशांच्या वर काही नाही. तापलेला पाइप थंडावायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, हळू चालवत असाल तर जास्त.

म्हणजे पाइपमुळे बसणारा फटका मुख्यतः तेव्हाचा, जेव्हा तुम्हाला ताकद नकोच असते. रॅपने काय होईल? पाइप तापायला जास्त वेळ लागेल, हे खरं. पण लांब ट्रॅफिकमध्ये तो शेवटी तापेलच, आणि मग तोच रॅप त्याला बाहेरून थंडही होऊ देणार नाही. रॅप वाईट नाही, पण तुमच्या ४४ अंशांवर तो औषध नाही. त्यापेक्षा पाइप एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जवळून जात असेल तर त्या तेवढ्या भागावर परावर्तक फॉइल लावा, कारण तिथे उष्णता हवेतून कमी आणि किरणांनी जास्त येते. मॅनिफोल्डवर कंपनीचं पत्र्याचं आवरण होतं आणि इनटेक बसवताना कुणी ते काढून टाकलं असेल, तर आधी ते परत लावा. ते आवरण जागेवर नसलेल्या गाड्या मी बऱ्याच पाहतो. मॅनिफोल्डलाच रॅप गुंडाळण्याचा विचार असेल तर जपून. त्यात ओल धरून राहते आणि पत्र्याचे मॅनिफोल्ड आतल्या आत गंजतात. सिरॅमिक कोटिंग त्यापेक्षा बरं.

मग ४४ अंशांचं काय? फिल्टरच्या तोंडाशी चाललेली ही भेसळ आहे. समजा पळत्या गाडीत बॉनेटखालची हवा ६० अंशांच्या आसपास आहे आणि बाहेरची ३२. पाइप आणि सेन्सर यांचे तीनेक अंश वजा केले तरी नऊ उरतात. हे नऊ अंश मिळवायला फिल्टरने जवळपास एक तृतीयांश हवा बॉनेटखालची ओढायला हवी. नावाला कोल्ड एअर इनटेक, पण तीन घोटांतला एक घोट गरम. चांगल्या बसवलेल्या इनटेकमध्ये किंवा धड मूळ एअर बॉक्समध्ये, रस्ता मोकळा आणि वेग ७०-८० चा असताना, मला बाहेरच्यापेक्षा पाच ते आठ अंश जास्त एवढाच फरक बघायला आवडतो. सेन्सर मॅनिफोल्डवर असेल तर आणखी थोडी सूट द्यावी लागते.

ही भेसळ शोधायची माझी पद्धत खडूची आहे. कोन फिल्टरभोवती पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा हीट शील्ड असेल तर त्याच्या वरच्या कडेला रबरी पट्टी असते, जी बंद बॉनेटला टेकायला हवी. त्या पट्टीवर खडू घासा, बॉनेट हलक्या हाताने पूर्ण बंद करा आणि उघडून आतल्या बाजूला बघा. खडूची रेघ जिथे तुटलीय तिथे फट आहे. बहुतेक वेळा ती कोपऱ्यात सापडते, बॉनेटच्या आतल्या उभार पट्ट्यांच्या बाजूला, जिथे पत्रा थोडा वर उचललेला असतो. बोट जाईल एवढी फट पुरे होते. फिल्टर हवा ओढतो म्हणजे त्याच्याभोवती थोडा कमी दाब असतो, आणि सगळ्यात सोपी वाट असेल तिथून हवा येते. पुढची थंड हवा लांबून वळणं घेत येतेय आणि गरम हवा शेजारीच उभी आहे, तर काय होणार ते उघड आहे. फट भरायला घराच्या दारांना लावतात तशी फोमची चिकटपट्टी नको, ती उष्णतेने चुरा होते आणि तो चुरा फिल्टरवर बसतो. गाडीच्या दारांना वापरतात तसलं ईपीडीएम रबर घ्या.

शील्डच्या खालची बाजूही बघा. वरून घट्ट आणि खाली भोक, असे शील्ड मी कितीतरी पाहिलेत. आणि शील्डमध्ये थंड हवा येण्यासाठी पुढून वाट आहे का? मूळ बॉक्सला समोरच्या जाळीमागून येणारी एक नळी, म्हणजे स्नॉर्केल, असते. किट बसवताना ती बऱ्याचदा काढून ठेवली जाते. मग शील्ड म्हणजे नुसती भिंत, आत थंड हवा यायलाच जागा नाही. ती नळी परत जोडता आली तर तुमचं निम्मं काम तिथेच होतं. शील्ड मुळातच नसेल आणि कोन फिल्टर इंजिनाशेजारी उघडा असेल, तर पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, तो शॉर्ट रॅम, म्हणजे आखूड पाइपचा आणि बॉनेटखालचीच हवा घेणारा इनटेक आहे. त्याच्याकडून थंड हवेची अपेक्षा ठेवू नका.

इथे लोक विचारतात, की कोन फिल्टर जास्त मोकळा श्वास घेतो, मग थोडी गरम हवा चालत नाही का? याचं उत्तर आकड्यांत आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०१ किलोपास्कल. म्हणजे १ किलोपास्कलचा अडथळा कमी झाला की सुमारे १ टक्का हवा जास्त. समजा मूळ बॉक्स पूर्ण थ्रॉटलला अडीच किलोपास्कल अडवतो आणि नवा इनटेक एकच, तर तुमची कमाई दीड टक्का. ती सुद्धा वरच्या आरपीएमला, जिथे प्रवाह जास्त आहे. कमी आरपीएमला हा अडथळा नगण्य असतो, त्यामुळे कमाईही नगण्य. उलट गरम हवा सगळ्या आरपीएमला नुकसान करते. तुमच्या १२ अंशांचं नुकसान सव्वादोन टक्के धरलं, तर दीड कमावले आणि सव्वादोन घालवले. मूळ बॉक्सच्या पाच-सहा अंशांची वजावट दिली तरी हाती फारसं काही उरत नाही.

मग डायनोवरच्या आलेखात आठ-दहा हॉर्सपॉवर वाढलेली कशी दिसते? बॉनेट उघडं आणि समोर मोठा पंखा, हे चित्र आठवा. उघड्या बॉनेटमध्ये कोन फिल्टरला खोलीतली थंड हवा मिळते, म्हणजे त्याचा दोष झाकला जातो. कोण खोटं बोलतंय असं नाही, पण ती चाचणी रस्त्यावरची नाही. मी बॉनेट बंद करून, इंजिन नीट तापवून, लागोपाठ काही रन (पूर्ण जोराच्या चाचण्या) घेतो आणि पहिला रन बाजूला ठेवतो. हवामान मोजणारा प्रोब कुठे ठेवलाय हेही बघावं लागतं. तो इंजिनाजवळच्या गरम हवेत ठेवला तर दुरुस्तीचं सूत्र आकडा फुगवतं.

‘सकाळी मस्त पळते’ याबद्दलही एक शंका घेतो, राग मानू नका. सकाळची थंड हवा मूळ बॉक्सलाही तेवढीच मिळाली असती. आणि कोन फिल्टरचा घोगरा आवाज कानावर आला की गाडी जोरात आहे असं वाटतंच, मलाही वाटतं. म्हणून मूळ बॉक्स टाकून दिला नसेल तर तो एक दिवस परत लावा. तोच रस्ता, तीच वेळ, तेवढंच पेट्रोल. एकाच गिअरमध्ये ठरावीक आरपीएमपासून ठरावीक आरपीएमपर्यंत जायला किती सेकंद लागतात ते स्कॅनरच्या नोंदीतून काढा. एअर फ्लो सेन्सर असेल तर सेकंदाला किती ग्रॅम हवा गेली तो आकडाही पाहता येतो, पण नव्या पाइपमध्ये त्या सेन्सरच्या जागेचा व्यास मूळइतकाच असेल तरच. व्यास बदलला असेल तर तो आकडा तुलनेला निरुपयोगी आहे, आणि इंधनाचं गणितही बिघडलेलं असणार. तेल लावायचा फिल्टर असेल तर तेल बेताने लावा. जास्तीचं तेल त्या सेन्सरच्या तारेवर बसतं आणि मग निदान करणाऱ्याला भलतीकडेच शोधत फिरावं लागतं.

मायलेजसाठी हा खटाटोप करत असाल तर नका करू. रमतगमत चालवताना थ्रॉटल अर्धवट बंद असतो. हवा थंड आणि दाट मिळाली की तेवढ्याच ताकदीसाठी थ्रॉटल आणखी बंद करावा लागतो, आणि ऑक्सिजन सेन्सर इंधनाचं प्रमाण तेच राखतो. गरम हवेने उलट हवा ओढण्याचे कष्ट किंचित कमी होतात. कार्ब्युरेटरच्या काळात तर कंपन्या मुद्दाम एक झडप ठेवून थंडीत एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरून तापलेली हवा घेत असत, म्हणजे पेट्रोलची नीट वाफ व्हावी आणि कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये. थंड हवेचा फायदा आहे तो पूर्ण थ्रॉटलला आणि नॉकिंगपासून मिळणाऱ्या सवडीत.

तुमची गाडी टर्बोची नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाची असेल म्हणून एवढंच. १ बार बूस्टला (टर्बोने चढवलेल्या जादा दाबाला) टर्बोचा ७० टक्के कार्यक्षमतेचा कंप्रेसर २७ अंशांची हवा १२० अंशांपर्यंत नेतो. तिथे इनटेकच्या पाइपपेक्षा इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) किती तापलाय आणि त्याला वारा लागतोय का, हा पहिला प्रश्न.

फिल्टरचं तोंड खाली बंपरमागे उतरवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. हवा थंड मिळते, हे खरं. पण उभ्या गाडीत रेडिएटरची गरम हवा पुढून वळून तिथेही येते आणि उन्हात तापलेल्या रस्त्याची धगही तिथेच असते, त्यामुळे ट्रॅफिकमधले आकडे फार सुधारतील असं समजू नका. आणि फिल्टर साचलेल्या पाण्यात बुडाला तर इंजिन पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. सव्वादोन टक्क्यांसाठी मी हा धोका घेणार नाही. फेंडरच्या पोकळीत, चाकाच्या आतलं प्लास्टिक लायनर शाबूत असेल तर, जागा बरी असते.

तेव्हा तुमच्या गाडीवर मी असा जाईन. आधी सकाळची सेन्सरची चाचणी. मग मॅनिफोल्डचं आवरण, शील्ड, खडू, आणि पुढून हवा येण्याची वाट. त्यानंतर सेन्सर धातूपासून वेगळा करणं. एवढं करून त्याच रस्त्यावर पुन्हा नोंद घ्या. ४४ चा आकडा ३८-३९ वर आला तर इनटेक राहू द्या. ट्रॅफिकमध्ये ६८ चे ६० झाले तरी खूप झालं, त्याच्या मागे लागू नका, गाडी सुटल्यावर टायमिंग किती लवकर परत येतंय तेवढं बघा. आणि शील्ड नीट बसवूनही १० अंशांच्या वरच राहिलं, तर किट उतरवा, मूळ बॉक्स लावा आणि त्यात नवा कागदी फिल्टर टाका. नोंदी घेतल्यात तर दोन्ही वेळचं तापमान, टायमिंग आणि आरपीएम इथेच टाका, सेन्सर कुठे बसवलाय त्याचा फोटोही जोडा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.